जेवत्या हाताकडची तार

आमचे शेजारी सेतुमाधवराव लोणच्याच्या बरणीचं झाकण टॉर्क रेंचने आवळतात. टॉर्क रेंच म्हणजे बोल्ट किती जोराने आवळला हे काट्यावर दाखवणारा पाना. बरणीचं झाकण किती जोराने आवळावं याचा आकडा त्यांच्या पुस्तकात नाही. म्हणून ते पाण्याच्या पंपाच्या झाकणाचा आकडा वापरतात. ‘झांकण तें झांकण,’ असं त्यांचं म्हणणं. ती बरणी गेल्या चार वर्षांत कुणालाही उघडता आलेली नाही. आत माइनमुळाचं लोणचं आहे असं ते सांगतात. आपण विश्वास ठेवायचा.

सेतुमाधवरावांना आम्ही सगळे सेतुमामा म्हणतो. वय एकाहत्तर, मोजणी खात्यातून निवृत्त. कुंभकोणमला आमची दोन्ही घरं एकाच भिंतीला टेकून उभी आहेत. आमची घराणी तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला आली ती इकडेच राहिली, आणि भाषाही त्यांच्याबरोबर तिथेच थांबली. मी नऊ वर्षं पुण्यात नोकरी केली, तिथली बायको केली आणि बोलण्याला थोडी इस्त्री करून घेतली. सेतुमामांनी तसलं काही केलं नाही. ते ‘झालें’ म्हणत नाहीत, ‘जाहलें’ म्हणतात. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात त्यांनी माझ्या बायकोला भिंतीवरून विचारलं, ‘सूनबाई, आमचा दहा नंबरी पाना आपणांकडे आला काय?’ ती आत येऊन मला म्हणाली, ‘बखरीतला माणूस गॅरेजमध्ये शिरलाय असं वाटतं.’

पुस्तक म्हणजे मोटारदुरुस्तीचं पुस्तक. तेही गाडीच्या कंपनीचं नव्हे, बाहेरच्या कुणा प्रकाशकाने इंग्रजीत काढलेलं. सेतुमामांनी तेवीस वर्षांपूर्वी छोटी लाल मोटार घेतली आणि त्याच महिन्यात मद्रासच्या फुटपाथवरून हे पुस्तक आणलं. तेव्हापासून ते देवघरात पोथ्यांशेजारी रेशमी फडक्यात असतं.

‘कंपनी आपलें पुस्तक कशास लिहिते?’ ते विचारतात. उत्तराची वाट पाहत नाहीत. ‘तुम्ही पुनः कंपनीकडेच यावें म्हणोन! बाहेरचा मनुष्य लिहितो, त्याची स्वतःची बोटें सोलवटलेली असतात.’

त्या बाहेरच्या मनुष्याची बोटं सोलवटली होती की नाही मला ठाऊक नाही, पण त्याचं लक्ष ठिकाणावर नव्हतं हे मी पुराव्याने सांगू शकतो. पुस्तकाची पानं दोनशे अठरा. त्यांत पान एकशे बारा दोनदा आहे आणि एकशे तेरा नाही. ब्रेकच्या प्रकरणात एक चित्र आहे, ते ब्रेकचं नाही. आमचा समोरचा मेकॅनिक आरुमुगम म्हणतो की ते मोटारीचंच नाही, कुठल्यातरी पाणी उपसायच्या इंजिनाचं आहे.

आरुमुगम आणि सेतुमामा यांचा वाद रोजचा. कॉफीचा टंबलर हातात घेऊन आरुमुगम रस्त्यापलीकडून सुरू करतो: ‘काय अय्या, पुस्तकातल्या दुधीभोपळ्याची भाजी होत नाही म्हणतात!’ ही तमिळ म्हण, आणि अय्या म्हणजे साहेब. मामाही तमिळमध्येच फेकतात: ‘माझ्या पुस्तकात दुधी नाही रे, कार्बुरेटर आहे.’

‘मग कार्बुरेटरची तरी भाजी झाली का?’

इथे मामा पुस्तकाचं फडकं बांधून आत निघून जातात.

कुठल्याही गोष्टीवर मामांचा पहिला प्रश्न एकच: ‘पुस्तकीं काय आहे?’ हा प्रश्न ते मोटारीपुरता ठेवत नाहीत. माझ्या मुलीला ताप आला तेव्हा त्यांनी भिंतीवरून विचारलं, ‘गरम होऊन किती वेळ जाहला? रेडिएटरास अर्धा तास निवू द्यावें, मगच झांकण उघडावें, ऐसें पुस्तकीं आहे.’ त्या पुस्तकातल्या प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक वाक्य आहे: काढलेले भाग उलट क्रमाने पुन्हा बसवावेत. हे तर त्यांचं ब्रह्मवाक्य. सून रागावून माहेरी गेलेल्या एका गृहस्थांना त्यांनी हाच सल्ला दिला. ‘काय काय जाहलें तें क्रमानें लिही. मग उलट क्रमानें बसव.’ ती सून आली नाही. मामांच्या मते ते गृहस्थ एखादा वॉशर विसरले असावेत.

एवढा सगळा अभ्यास असूनही त्यांची लाल मोटार गेली चार वर्षं ओट्यासमोर बंद उभी आहे. तिच्या टपावर शेजारची मांजरी दोनदा व्याली.

याची हकिगत अशी. पहिली एकोणीस वर्षं मोटार उत्तम चालली. त्या काळात मामांची धाकटी बहीण कमळाक्का त्यांच्याकडे राहत असे. नवरा लवकर गेला. ती मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. मामांचा नियम होता की तेलाचा हात पुस्तकाला लागता कामा नये. त्यामुळे मामा बॉनेटमध्ये डोकं घालणार आणि कमळाक्का ओट्यावर स्टूल टाकून पुस्तक वाचणार. इंग्रजी वाचून लगेच घरच्या मराठीत सांगायची. तिचा आवाज शाळेतला, त्यामुळे आमच्या अख्ख्या गल्लीला क्लच प्लेट कशी बदलतात हे तोंडपाठ होतं. मध्येच उठून ती सांबारात हिंग घालून यायची. पान एकसष्ट अजून हिंगाचा वास देतं, मी स्वतः हुंगलं आहे.

कमळाक्का डावखुरी. लिहिणं डाव्या हाताने, आणि जेवणंही डाव्याच हाताने. आमच्या लोकांत हे लहान प्रकरण नव्हे. तिच्या वडिलांनी ओरडून पाहिलं, मारून पाहिलं. शेवटी पंक्तीत तिचं पान टोकाला मांडायचं, म्हणजे कुणाला दिसणार नाही, असं ठरलं. ती म्हणायची, ‘हात माझा, भात माझा, तुमचें काय जातें?’ पण बसायची टोकालाच.

चार वर्षांपूर्वीच्या एका रविवारी प्लगच्या तारा बदलताना दोघांचं भांडण झालं. आम्हाला शेवट तेवढा ऐकू आला. मामा ओरडले, ‘उलटें वाचतेस! तुला पंक्तीच्या टोंकाशी बसवीत तें उगीच नव्हे!’

कमळाक्काने पुस्तक फडक्यात बांधलं, देवघरात ठेवलं, पिशवी भरली आणि बसने पट्टीश्वरमला मुलाकडे गेली. पट्टीश्वरम इथून आठ किलोमीटर. चार वर्षांत मामा ते आठ किलोमीटर गेले नाहीत. त्या दिवशी त्यांनी तारा स्वतः, पुस्तकाबरहुकूम लावल्या. किल्ली फिरवली तेव्हा सायलेन्सरमधून असा बार निघाला की आरुमुगम दुकानाचं शटर ओढून बसला. त्यानंतर मोटार सुरू झालेली नाही.

गेल्या महिन्यात कमळाक्काच्या मुलाचा मला फोन आला. त्याची बदली होसूरला झाली होती, एका बुधवारी सामान हलणार, आई बरोबर जाणार. ‘आई म्हणते, जाण्यापूर्वी एकदा आपल्या मोटारीत बसून कावेरीच्या पुलावरून जायचं आहे. मामांना सांगा. मी सांगितलं असं सांगू नका.’

मी सांगितलं. मामा म्हणाले, ‘मोटार तयार करावी लागेल.’

‘माझी गाडी आहे ना,’ मी म्हणालो. ‘पंधरा मिनिटांत घेऊन येऊ.’

‘तिनें तुझी गाडी सांगितली काय?’

‘मग आरुमुगमला बोलवा. दहा मिनिटांचं काम म्हणतो तो.’

‘पुस्तकीं आरुमुगम नाही.’ मग माझ्याकडे निरखून पाहत म्हणाले, ‘रघू, तुला इंग्रजी येतें. तूं वाच.’

बुधवारपर्यंत तीन रविवार होते. तिन्ही रविवारी मी स्टुलावर बसून वाचलं. एकूण अकरा तास. मी आयुष्यभर ऑडिटमध्ये काम केलं, मला वाचनात चूक करता येत नाही. इंजिनात तीन प्लग, त्यांना तीन तारा. पुस्तक म्हणतं, पहिला प्लग डावीकडून मोजावा. मी म्हणायचो, ‘डावीकडून.’ मामा ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसायचे, आपला डावा हात हवेत धरायचे, तो तसाच धरून उतरायचे आणि त्या बाजूने तारा मोजून लावायचे. कारण पान तीनवर लिहिलं आहे की डावं-उजवं हे ड्रायव्हरच्या जागेवरून समजावं. किल्ली. बार. मांजरी टपावरून उडी मारून माझ्या अंगणात.

‘परत वाच.’

मी परत वाचलं. बार.

तिसऱ्या रविवारी दुपारी आरुमुगम रस्ता ओलांडून आला आणि म्हणाला, ‘अय्या, मंदिराच्या उत्सवाला फटाके हवे असतील तर तुमची ऑर्डर देऊन ठेवतो.’ मामा हसले नाहीत. त्यांचा हात हवेत तसाच धरलेला होता. बुधवार तीन दिवसांवर आला होता.

मी पुस्तक घरी मागून घेतलं. मामांनी ते कधी कुणाला दिलं नव्हतं, पण त्या दिवशी दिलं. मी ते लाल मोटारीशेजारी घेऊन बसलो आणि जिथे जिथे डावं किंवा उजवं लिहिलं आहे ती प्रत्येक जागा मोटारीशी ताडून पाहिली. इंजिनाच्या प्रकरणात अशा जागा चौतीस. चौतीसच्या चौतीस उलट. बॅटरी पुस्तकात उजवीकडे, मोटारीत डावीकडे. पाण्याची टाकी डावीकडे, तर ती उजवीकडे. वीस-पंचवीस चुका असत्या तर मी गलथानपणा म्हणालो असतो. सगळ्याच उलट म्हणजे त्या माणसाने बॉनेट उघडून, मोटारीसमोर तोंड करून, जसं दिसलं तसं लिहिलं होतं. पान तीनवर ड्रायव्हरच्या जागेवरून बघा असं सांगून स्वतः समोर उभा राहिला. बाहेरची पुस्तकं भरवशाची आहेत का असं कुणी मला विचारलं तर माझं उत्तर हे: ती लिहिणारा कुठे उभा होता ते आधी विचारा.

पण मग एक गोष्ट जमेना. पुस्तक उलट, तर एकोणीस वर्षं मोटार सुलटी कशी चालली?

हे मला जेवताना सुचलं. आमच्या घरांत उजव्याला उजवा आणि डाव्याला डावा म्हणत नाहीत. डावं नाव अशुभ. आम्ही म्हणतो ‘जेवता हात’ आणि ‘दुसरा हात’. मुलांना दिशा शिकवायची तर हेच विचारतो, जेवतोस कुठल्या हाताने? आणि कमळाक्का जेवायची डाव्या हाताने! पुस्तकात ‘डावीकडून’ आलं की ती म्हणत असणार, ‘जेवत्या हाताकडून’. मामा ते आपल्या जेवत्या हाताने ऐकत असणार आणि उजवीकडून मोजत असणार. पुस्तक एकदा उलटं, कमळाक्का एकदा उलटी, मोटार सुलटी. एकोणीस वर्षं.

मी हात धुऊन तसाच भिंतीपलीकडे गेलो. मनात म्हटलं, आज या पुस्तकाचं बिंग फोडायचं. मामा ओट्यावर बसले होते. मी त्यांना चौतीस जागा एकेक करून दाखवल्या. मामा ऐकत होते. शेवटी म्हणाले, ‘बरोबर मोजलेंस. चौतीसच.’

‘म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे?’

त्यांनी पुस्तक माझ्या हातून घेतलं, पान दिव्याकडे तिरपं धरलं आणि मला दाखवलं. समासात पेन्सिलीने काही लिहून खोडरबराने पुसलेलं होतं, पण कागदावर वळ राहिले होते. ‘कमळी बरोबर.’ पुढच्या पानावरही. त्याच्या पुढच्याही. मी सवयीने मोजले. चौतीस.

‘कधी कळलं?’

‘ती गेली त्याच्या पुढल्या महिन्यांत.’

मला राग आला. खरंच आला. ‘आणि मला अकरा तास वाचायला बसवलंत? तारा तीन मिनिटांत बदलता आल्या असत्या!’

‘त्या दिवशीं ती मला म्हणाली, एकोणीस वर्षें गाडी सुलटी चालली ना अण्णा, मग मी उलटें कशी वाचतें? मी तिला पंक्तीचें बोललों.’ मामा पुस्तकाचा कोपरा सारखा करत होते. ‘आतां तिला न सांगतां तिचें बरोबर मी वापरूं कसें?’

‘मग माझ्याकडून कशाला वाचून घेतलंत?’

‘तूं कधीं तरी चुकशील ऐसी आशा होती,’ मामा म्हणाले. ‘तूं चुकेचिनास.’

माझ्या चोख वाचनाची एवढी नालस्ती आजवर कुणी केली नव्हती.

‘जा आणि सांगा तिला,’ मी म्हणालो. ‘किंवा फोन लावतो, आत्ता बोला.’

मामांनी मान हलवली. ‘पिशवी भरून, बसनें गेली. उलट क्रमानें बसवावें लागेल.’

सोमवारी सकाळी आम्ही बसने पट्टीश्वरमला गेलो. मामांच्या मांडीवर रेशमी फडक्यातलं पुस्तक. कंडक्टरला वाटलं पोथी आहे, त्याने पाय लागू नये म्हणून मामांना खिडकीची जागा दिली. पट्टीश्वरमच्या घरी अर्ध्या वस्तू खोक्यांत गेल्या होत्या. कमळाक्का दारात आली, ‘ये अण्णा’ म्हणाली आणि आत वळली. मला कॉफी दिली, मामांना कॉफी दिली, मामांशी एक अक्षर बोलली नाही. मामाही बोलले नाहीत. मी पुण्याच्या हवेबद्दल बोलत राहिलो.

जेवणाची वेळ झाली. भाच्याने केळीची पानं मांडली, चार. वडील माणूस म्हणून मामांचं पान पहिलं. मामा उठले, पहिल्या पानावरून पुढे गेले, दुसऱ्यावरून, तिसऱ्यावरून, आणि टोकाच्या पानापाशी जाऊन बसले. तिथे कमळाक्काचं पान होतं.

‘अण्णा, तें माझें,’ ती म्हणाली.

‘असो. तूं तिकडे बैस.’

‘मामा, तुम्ही पहिल्या…’ भाचा म्हणायला लागला. कमळाक्काने त्याला डाव्या हाताने गप्प केलं. ती पहिल्या पानावर जाऊन बसली. आंबट आमटी फार चांगली झाली होती, मी दोनदा घेतली.

दुपारच्या बसने तिघं परत आलो. तिने पिशवी आणली होती. ओट्यावर स्टूल होतंच. मामांनी बॉनेट उघडलं, आणि आरुमुगमने सवयीने शटरला हात घातला.

कमळाक्काने चष्मा लावला, पान काढलं, मनाशी वाचलं.

‘दुसऱ्या…’ ती जपून म्हणाली, ‘दुसऱ्या हाताकडून मोज. तुझ्या दुसऱ्या. पुस्तकीं तसें आहे, आतां मी नीट वाचतें.’

मामांनी बॉनेटमधून डोकं बाहेर काढलं नाही. ‘तसें नको,’ आतून आवाज आला. ‘पूर्वीं वाचत होतीस तैसें वाच.’

‘पूर्वीं मी माझ्या हातानें वाचीत होतें.’

‘ठाऊक आहे. तूं तुझ्या हातानें वाच, मी माझ्या हातानें करितों.’

कमळाक्काने पुस्तक डाव्या हातात घेतलं. आवाज एकदम शाळेतला झाला, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असा.

‘पहिली तार! जेवत्या हाताकडून मोज!’

‘सरि, बरें,’ मामा म्हणाले. ड्रायव्हरच्या जागेवर बसून त्यांनी आपला जेवता हात हवेत धरला, तो तसाच धरून बॉनेटपाशी आले आणि तिसरी तार बसवून होईपर्यंत पुन्हा वर पाहिलं नाही.

किल्ली तिनेच फिरवली. आरुमुगमचं शटर अर्ध्यावर राहिलं होतं, ते त्याने हळूच वर सरकवलं. लाल मोटार थोडी खोकली आणि सुरू झाली. मामा फडक्याला हात पुसत उभे होते. तोंड आमच्याकडे नव्हतं.

‘पुस्तकीं तेंच आहे,’ ते म्हणाले.